आयक्यू रेकॉर्डिंग मॅटलॅबमध्ये किंवा नमपायमध्ये नेलं की नुसता नॉइज: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

एसडीआरने (संगणकाला जोडायच्या सॉफ्टवेअर रेडिओने) रेकॉर्ड करताना वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेनुसार सरकणाऱ्या स्पेक्ट्रमच्या चित्रावर, सिग्नल ठसठशीत दिसत होता. तीच फाइल मॅटलॅब, ऑक्टेव्ह किंवा पायथनच्या नमपाय लायब्ररीमध्ये उघडली, तर खसखस पेरल्यासारखा सपाट नॉइज. अशा फायली घेऊन लोक इतक्यांदा आले आहेत, की आता मी कोड उघडतच नाही. आधी विचारतो, फाइल नेमकी किती बाइटची आहे?

कच्च्या आयक्यू फाइलला स्वतःबद्दल काहीही सांगता येत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत नुसते आकडे: आय, क्यू, आय, क्यू. (आय आणि क्यू हे एकाच सॅम्पलचे ९० अंश फेजफरकाचे दोन भाग, दोन्ही मिळून एक कॉम्प्लेक्स आकडा.) एक आकडा किती बिटांचा, सॅम्पल रेट किती, मधली फ्रिक्वेन्सी कोणती, हे सगळं रेकॉर्ड करणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि दोन महिन्यांनी तिथेही नसतं. मग वाचणारा अंदाज बांधतो, आणि सॉफ्टवेअर तो अंदाज मुकाट्याने मान्य करतं. एरर येत नाही, हीच यातली खरी डोकेदुखी.

आधी लक्षणं ओळखा

- पूर्ण स्पेक्ट्रम सपाट, सिग्नलचा मागमूस नाही: आकड्याचा प्रकार किंवा बाइटचा क्रम चुकलाय.
- आकड्यांत 'एनएएन' ('हा आकडाच नाही' अशी खूण) किंवा १० चा ३८ वा घात असल्या अचाट किमती: फ्लोट (दशांश आकडा) नसलेलं फ्लोट म्हणून वाचलंय, किंवा फ्लोटचे बाइट उलटे वाचलेत.
- सिग्नल दिसतो, पण मध्याच्या उजवीकडचा डावीकडे गेलाय: आय आणि क्यूची अदलाबदल, किंवा नकळत झालेलं कॉन्जुगेट (क्यूचं चिन्ह उलटं होणं).
- प्रत्येक सिग्नल मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीचा: कॉम्प्लेक्स डेटा (आय-क्यूच्या जोड्या) रिअल (एकेकटे आकडे) म्हणून वापरलाय.
- सिग्नल ओळखू येतात, पण त्यांच्यातलं अंतर ताणलेलं किंवा आकसलेलं: सॅम्पल रेट चुकीचा.
- सुरुवात छान, मग अचानक चिखल: मध्येच बाइट वाढलेत किंवा सॅम्पल गळलेत.
- अगदी मधोमध एक बारीक, उंच काटा: हा बिघाडच नाही. त्याबद्दल पुढे.

पहिली तपासणी: बाइट मोजा

फुकट आणि दोन मिनिटांची. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेमके बाइट बघा. 'एमबी'तला गोळाबेरीज आकडा कामाचा नाही, कारण कुठे १००० ने भागतात आणि कुठे १०२४ ने.

मग गुणाकार करा: सेकंद गुणिले सॅम्पल रेट गुणिले एका सॅम्पलचे बाइट. सेकंदाला २४ लाख सॅम्पल आणि एक मिनिटाचं रेकॉर्डिंग धरा. ८ बिटांचं आय आणि ८ बिटांचं क्यू असेल तर सॅम्पलचे २ बाइट, म्हणजे २८.८ कोटी बाइट. १६ बिटांचे असतील तर ५७.६ कोटी. ग्नू रेडिओ या प्रोग्रामच्या फाइल सिंकमधून (फाइल लिहिणाऱ्या ब्लॉकमधून) आलेला कॉम्प्लेक्स डेटा असेल तर आय आणि क्यू दोन्ही ३२ बिट फ्लोट, सॅम्पलचे ८ बाइट, एकूण ११५.२ कोटी. घड्याळात धरलेल्या वेळेत सेकंद-दोन सेकंदांचा फरक असला तरी या तीन आकड्यांत गल्लत होऊ शकत नाही. फाइल कुठल्या आकड्याजवळ आहे यावरून तिचा प्रकार जवळपास ठरतोच.

आकडा कुठेच जुळला नाही, तर तीही माहितीच आहे. अपेक्षेच्या साधारण दुप्पट आला आणि रेकॉर्डिंग जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये 'मोठं असल्याच्या' चिन्हाने फाइलमध्ये वळवलेलं असेल, तर खेळ खलास. ते शेल बाइनरी डेटाला मजकूर समजून युटीएफ-१६ मध्ये बदलतं. असं बिघडलेलं रेकॉर्डिंग सोडून द्या आणि पुढच्या वेळी कमांडलाच फाइलचं नाव द्या.

आकडा किंचितच जास्त असेल तर कुणीतरी फाइल टेक्स्ट मोडमध्ये लिहिली किंवा पाठवली आहे. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये १० किमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ चा एक बाइट घुसवला जातो. यात एक गंमत आहे. आरटीएल-एसडीआर डोंगलच्या (यूएसबीत खोचायच्या रिसीव्हरच्या) ८ बिटांच्या डेटात शांत वेळी सगळे आकडे १२७-१२८ च्या आसपास घुटमळतात, १० पर्यंत कुणी उतरतच नाही. त्यामुळे सिग्नल क्षीण असेपर्यंत फाइल उत्तम वाचली जाते आणि तो जोरात आला की बिघडते. लोक अँटेना आणि गेनला दोष देत बसतात. फाइल उघडताना आणि पाठवताना बाइनरी मोड, एवढंच औषध.

आकडा कमी भरला तर सॅम्पल गळलेत. ते खाली सहाव्या तपासणीत.

दुसरी: पहिले बाइट डोळ्यांनी बघा

कुठलाही हेक्स व्ह्यूअर चालेल. सुरुवातीलाच 'आरआयएफएफ' ही चार रोमन अक्षरं दिसली तर फाइल कच्ची नाही, वेव्ह आहे. एसडीआर-शार्पसारखे प्रोग्राम आयक्यू असंच ठेवतात: डाव्या चॅनेलवर आय, उजव्यावर क्यू. ही फाइल वेव्ह वाचणाऱ्या फंक्शननेच उघडा, म्हणजे सॅम्पल रेटही हेडरमधून मिळतो.

हेडर न वगळता कच्ची म्हणून वाचली तर काय होतं, हे बिटांवर अवलंबून आहे. सगळ्यात साधं हेडर ४४ बाइटचं. १६ बिट आयक्यूचं सॅम्पल ४ बाइटचं, ४४ भागिले ४ म्हणजे ११. सुरुवातीचे ११ सॅम्पल कचरा, पुढे सगळं ठीक, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याच ४४ बाइटांमागे ३२ बिट फ्लोट असतील तर सॅम्पल ८ बाइटचं, भागाकार साडेपाच. त्या अर्ध्या सॅम्पलमुळे आयच्या जागी क्यू येतो आणि पूर्ण स्पेक्ट्रम आरशातला दिसतो. हेडर ४४ पेक्षा लांबही असतं, म्हणून '४४ वगळा' हा नियम डोळे मिटून लावू नका.

वेव्हमध्ये आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ४ जीबीच्या पुढे तो आकडा मावत नाही. १६ बिट आणि सेकंदाला २४ लाख सॅम्पल या हिशेबात साडेसात मिनिटांतच ही मर्यादा येते. रेकॉर्डिंग अर्ध्या तासाचं आणि वाचताना दोनच मिनिटं मिळतात, असं झालं तर हेडरवर विश्वास ठेवू नका. हेडर वगळून बाकीची फाइल कच्ची वाचा. डेटा आहे तिथेच असतो.

हेडर नसेल तरी बाइट बोलतात. थोडं पुढे जाऊन शांत भागात बघा. बहुतेक बाइट ७एफ, ८०, ८१ असे असतील तर ८ बिट अनसाइन्ड (० ते २५५), म्हणजे आरटीएल-एसडीआरचा. ०० आणि एफएफच्या आसपास असतील तर ८ बिट साइन्ड (उणे १२८ ते १२७). हॅकआरएफ या एसडीआरचा ट्रान्सफर प्रोग्राम असा देतो. दर दुसरा बाइट ०० किंवा एफएफ आणि त्याआधीचा काहीही, तर १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन (आकड्याचा छोट्या किमतीचा बाइट आधी). जोडीतला दुसरा नव्हे तर पहिला बाइट असा असेल, तर बिग एंडियन. दर चौथा बाइट ३सी, बीसी, ३डी, बीडी यांच्या घरातला असेल तर ३२ बिट फ्लोट आहे आणि किमती छोट्या आहेत, जशा असायला हव्यात. इतकं बघायला अर्धा मिनिट पुरतो आणि अर्धा दिवस वाचतो.

तिसरी: प्रकार सांगितलाय का, आणि गणित करताना तो टिकलाय का

नमपायच्या 'फ्रॉमफाइल'ला प्रकार सांगितला नाही तर ते ६४ बिट फ्लोट धरतं. आता योगायोग बघा: ग्नू रेडिओचं एक कॉम्प्लेक्स सॅम्पल ८ बाइटचं आणि ६४ बिट फ्लोटही ८ बाइटचा. त्यामुळे अ‍ॅरेची लांबी अगदी अपेक्षेइतकी निघते, लांबी जुळली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आत सगळा गोंधळ. कॉम्प्लेक्स६४ (३२ बिटांचं आय, ३२ बिटांचं क्यू) असं स्पष्ट लिहा. मॅटलॅबच्या 'एफरीड'ला काही सांगितलं नाही तर ते ८ बिट अनसाइन्ड धरतं.

वाचल्यावर लगेच चार गोष्टी छापा: किमान, कमाल, सरासरी आणि हिस्टोग्राम. हिस्टोग्रामला मधोमध एक टेकडी हवी. टेकडीऐवजी दोन्ही टोकांना दोन कडे आणि मध्ये खड्डा दिसला, तर अनसाइन्ड डेटा साइन्ड म्हणून वाचलाय: १२७ तसाच राहिला आणि त्याचा शेजारी १२८ मात्र उणे १२८ झाला. टेकडी आहे आणि शिवाय अगदी टोकांवर, ० आणि २५५ वर, दोन सुळके आहेत, तर रिसीव्हर ओव्हरलोड झाला होता. तो दोष एक्स्पोर्टचा नाही आणि सॉफ्टवेअरने भरूनही येत नाही. गेन कमी करून पुन्हा रेकॉर्ड करा.

आरटीएल-एसडीआरच्या आकड्यांतून १२७.५ वजा करावे लागतात. इथे दोन्ही सॉफ्टवेअर वेगवेगळ्या पद्धतीने पाडतात. नमपायमध्ये ८ बिट अनसाइन्ड अ‍ॅरेमधून पूर्णांक १२७ वजा केलात तर १२६ उणे १२७ चं उत्तर उणे १ येत नाही, २५५ येतं. आकडा फिरून वर जातो. मॅटलॅबमध्ये डेटा मूळ ८ बिट प्रकारातच ठेवला असेल तर १०० उणे १२७.५ चं उत्तर शून्य येतं. तिथे आकडा फिरत नाही, तळाला अडकतो, आणि लहरीचा खालचा अर्धा भाग कापल्यासारखा होतो. पॉवर काढताना आयचा वर्ग अधिक क्यूचा वर्ग करतानाही १६ बिटांत हेच. नियम एकच: वाचल्याबरोबर फ्लोटमध्ये बदला, मग पहिलं गणित.

चौथी: आय आणि क्यूची जोडी

ही तपासणी मी सर्वात उशिरा शिकलो. एका रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम सतत उलटा येत होता. केबल, ड्रायव्हर, रेकॉर्डिंग प्रोग्राम सगळं बदलून झालं, दोन दिवस गेले. चूक होती एका अवतरणचिन्हात. आडवी ओळ उभी करायला मॅटलॅबमध्ये आपण एकेरी अवतरणचिन्ह लावतो. कॉम्प्लेक्स आकड्यांवर ते ओळ उभी तर करतंच, शिवाय कॉन्जुगेटही घेतं. म्हणजे प्रत्येक क्यूचं चिन्ह उलटं आणि स्पेक्ट्रम आरशात. त्या चिन्हाआधी एक टिंब दिलं की फक्त उभं करणं होतं. ऑक्टेव्हमध्येही तसंच आहे. नमपायचं 'टी' मात्र कॉन्जुगेट घेत नाही, म्हणून पायथनमधून मॅटलॅबकडे आलेले लोक इथे हमखास ठेचकाळतात.

याच वाटेवरचा दुसरा खड्डा 'रीशेप'चा. नमपाय ओळीओळीने भरतं, मॅटलॅब स्तंभास्तंभाने. नमपायमध्ये आकडे दोन स्तंभांत रचले की पहिल्यात आय, दुसऱ्यात क्यू येतात. तीच ओळ मॅटलॅबमध्ये उतरवली की पहिल्या स्तंभात फाइलचा पहिला अर्धा भाग, दुसऱ्यात उरलेला अर्धा. लांबी बरोबर, आकडे खरे, सिग्नल मात्र काही जागेवर नाही. मॅटलॅबमध्ये दोन ओळींचा मॅट्रिक्स करा: पहिली ओळ आय, दुसरी क्यू.

खात्री कशी करायची? ज्याची फ्रिक्वेन्सी पक्की माहीत आहे असं एक एफएम स्टेशन घ्या आणि रिसीव्हर मुद्दाम त्याच्या २०० किलोहर्ट्झ खाली लावून पाच सेकंद रेकॉर्ड करा. स्टेशन अधिक २०० वर दिसायलाच हवं. उणे २०० वर दिसलं तर अदलाबदल, दोन्हीकडे दिसलं तर रिअल. अशी एक छोटी फाइल मी कायम जवळ ठेवतो. नवा कोड लिहिला की आधी तिच्यावर चालवतो, मग खऱ्या डेटावर.

पाचवी: सॅम्पल रेट आणि आडवा अक्ष

वरची फाइल इथेही उपयोगी पडते. खरा रेट २०.४८ लाख असताना तुम्ही २४ लाख लिहिला, तर २०० किलोहर्ट्झवरचं स्टेशन २३४ वर दिसेल. उलट गणित करून खरा रेट काढता येतो. रेकॉर्डिंगच्या आधी डेसिमेशन केलं (सॅम्पल रेट कमी केला) असेल तर फाइलचा रेट डेसिमेशननंतरचा असतो, डोंगलचा नाही. हा घोळ फार होतो.

एफएफटीनंतर (आकड्यांतून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणितानंतर) 'एफएफटीशिफ्ट' विसरलात तर मधली फ्रिक्वेन्सी डाव्या टोकाला जाते आणि स्पेक्ट्रम मधोमध चिरून बाजू बदललेला दिसतो. तो बिघाड नाही, विसराळूपणा आहे. आणि १०० मेगाहर्ट्झवर सगळंच ५ किलोहर्ट्झने एका बाजूला सरकलं असेल, तर ती ५० पीपीएमची (दशलक्षात ५० भागांची) क्रिस्टलची चूक झाली. एक्स्पोर्टमध्ये तिचं कारण शोधू नका.

मधोमधचा काटा म्हणजे रिसीव्हरचा डीसी ऑफसेट: आकड्यांची सरासरी शून्यावरून सरकलेली. थेट शून्यावर उतरवणाऱ्या रिसीव्हरमध्ये तो असतोच. सरासरी वजा केली की बराच बसतो. त्याहून सोपं म्हणजे हवा तो सिग्नल मध्यावर ठेवायचाच नाही.

सहावी: गळलेले सॅम्पल

इथून काम किचकट होतं. यूएसबी किंवा डिस्कला वेग झेपला नाही की सॅम्पल गळतात आणि फाइलमध्ये त्याची काही खूण राहत नाही. पुढचे आकडे सरळ चिकटतात. यूएचडी ड्रायव्हर वापरत असाल तर टर्मिनलमध्ये 'ओ' हे रोमन अक्षर उमटत राहतं, ते सजावट समजू नका.

फाइलमधून शोधायचं तर एखादा स्थिर कॅरिअर घ्या, त्याला शून्यावर आणा, फेज काढा आणि अनरॅप करा (३६० अंशांच्या उड्या काढून सलग करा). रेष सरळ, फार तर हलकीशी वाकलेली असायला हवी. जिथे अचानक पायरी दिसते तिथे सॅम्पल गेले. पायऱ्यांच्या मधले अखंड तुकडे वेगवेगळे वापरता येतात. गेलेले परत येत नाहीत. इंटरपोलेशनने भोक बुजवून त्यावर फेजची मापं घेणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. रेट कमी करा, वेगळ्या यूएसबी पोर्टवर किंवा वेगवान डिस्कवर पुन्हा रेकॉर्ड करा.

सातवी: मधला फॉर्मॅट आणि मेमरी

सीएसव्ही टाळा. फाइल कैक पटींनी फुगते, अंक कापले जातात, आणि नमपाय कॉम्प्लेक्स आकडे कंसात 'जे' लावून लिहितं, ते दुसरीकडे वाचताना तारांबळ होते. द्यायचीच असेल तर आय आणि क्यूचे दोन साधे स्तंभ द्या.

मॅट फाइल चांगली, पण २ जीबी किंवा त्याहून मोठा व्हेरिएबल मॅटलॅबच्या ७.३ आवृत्तीच्या फॉर्मॅटमध्येच ठेवता येतो, आणि सायपायचं 'लोडमॅट' नेमका तोच वाचत नाही. ती आतून एचडीएफ५ असते. पायथनमध्ये 'एच५पाय'ने उघडा.

मेमरी संपत असेल तर हिशेब करा. वरची २८.८ कोटी बाइटची फाइल कॉम्प्लेक्स१२८ केली की आठपट होते, २.३ जीबी. कॉम्प्लेक्स६४ त्याच्या निम्मी. तेही झेपत नसेल तर 'मेममॅप' वापरून तुकड्यातुकड्याने वाचा. रॅम विकत घेण्याआधी हे करून बघा.

हे सगळं पुन्हा करायला लागू नये म्हणून मी प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत सिगएमएफची मेटाडेटा फाइल ठेवतो. साधी जेसन फाइल असते: डेटाचा प्रकार, सॅम्पल रेट, मधली फ्रिक्वेन्सी, वेळ. तेवढाही उत्साह नसेल तर या चार गोष्टी फाइलच्या नावातच लिहा.

कुठे थांबायचं

फाइल कॉपी करतानाच डिस्क रीड एरर देत असेल तर तिथेच थांबा. त्या डिस्कवर काही लिहू नका, दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका. रेकॉर्डिंग पुन्हा करता येण्यासारखं नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

उत्तर डीबीएममध्ये (एक मिलिवॉटच्या तुलनेतल्या पॉवरमध्ये) हवं असेल तर घरच्या घरी ते मिळणार नाही. फाइलमधले आकडे रिसीव्हरच्या पूर्ण मापाच्या तुलनेतले असतात. अँटेनावर खरी पॉवर किती होती हे कळायला त्याच गेनवर, त्याच फ्रिक्वेन्सीला कॅलिब्रेट केलेला सिग्नल जनरेटर लागतो. ते काम कॅलिब्रेशन प्रयोगशाळेचं. कुणाच्या ट्रान्समीटरविरुद्ध हस्तक्षेपाची तक्रार करायची असेल तर आपली फाइल फार तर सोबत जोडा, मोजमाप स्पेक्ट्रम नियामकाला करू द्या.

बंदिस्त फॉर्मॅट देणारं महागडं उपकरण असेल आणि पहिल्या दोन तपासण्यांत बाइटांचा काही मेळ लागला नसेल, तर अंदाज बांधत बसू नका, निर्मात्याच्या तांत्रिक विभागाला लिहा. पत्रात फाइलचा नेमका आकार, रेकॉर्डिंगचे सेकंद, ठेवलेला सॅम्पल रेट, फर्मवेअरची आवृत्ती आणि पहिले ६४ बाइट द्या. पूर्ण फाइल त्यांनी मागितल्यावर पाठवा.